वार्षिकांकाच्या मंडळावर नव्याने येणाऱ्यांसाठी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत वार्षिकांकाच्या संपादक मंडळावर काही विद्यार्थ्यांची निवड होते. घरी त्याचे कौतुक होते. कविता आणि लेख गोळा करणे एवढेच काम असावे, असा बहुतेकांचा समज असतो. ते तर करावेच लागते, परंतु खरे कष्टाचे काम नावांचे आहे.

वीस वर्षांनी अंक उघडणारा माजी विद्यार्थी प्रथम वर्गाच्या छायाचित्रात स्वतःला शोधतो. मागच्या रांगेतील तिघांची नावे गळालेली असतील, तर त्या तिघांना देखण्या मुखपृष्ठाचे काय होय? म्हणून नव्या सदस्याने आरंभीच वर्गशिक्षकांकडून हजेरीपटावरून नावांची यादी करून घ्यावी. छायाचित्र निघेल त्याच दिवशी, रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. पंधरवडा उलटला की ती कोणासही नीट आठवत नाहीत. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची आणि वर्षाच्या मध्यात आलेल्यांची नोंद निराळी ठेवावी, कारण नेमकी हीच मुले सुटतात. 'शहा' लिहायचे की 'शाह', हे ज्याचे त्याला विचारावे. रोकड जुळल्यावाचून पेढी बंद होत नाही, हे पाहत वाढलेल्या मुलाला हजेरीपटाशी ताळा घेण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.

छपाईची थोडी माहिती हवी. मध्ये पिना मारून बांधलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत असतात. ४८ पृष्ठे ठरली असता एक लेख वाढला, तर तो एकटा येत नाही, आणखी तीन पृष्ठांचा खर्च घेऊन येतो. चांगल्या छपाईसाठी छायाचित्रात दर इंचाला सुमारे ३०० बिंदू धरतात, म्हणजे चार इंच रुंदीस १२००. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविलेले चित्र आक्रसते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. युनिकोडमधील मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये जाताना जोडाक्षरे मोडतात, तेव्हा रूपांतरानंतरचे मुद्रित पुन्हा वाचावे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवावे. ही जुनी रीत वेळखाऊ खरी, पण संगणकाला न दिसलेल्या चुका ती पकडते.

आता जाहिरातींविषयी, हा भाग मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांनी वाचावा. शुभेच्छांची पाने बहुधा व्यापारी घरांतूनच येतात आणि त्यांवर अंकाचा खर्च निघतो, हे मान्य. मात्र पूर्ण पानाची जाहिरात देणाऱ्या काकांनी मंडळावरील पुतण्याला हळूच सांगावे, "आपल्या चिंटूचा फोटो जरा मोठा घे," हे योग्य नव्हे. चौदा वर्षांच्या मुलाने काकांना कसे नाकारावे? यासाठी छायाचित्रांचे आकार आणि जाहिरातींची पृष्ठसंख्या मार्गदर्शक शिक्षकांनी आरंभीच लेखी ठरवून द्यावी. मग मुलाला एवढेच म्हणता येते, "काका, ते सरांनी ठरवलंय." आणि काकांनीही त्यावर सरांना फोन करू नये.