दुर्मिळ पक्ष्याची बातमी आणि साध्या पक्ष्याची नोंद

फाल्गुन सरत आला, पळस-पांगारे फुलून गेले, की महाराष्ट्रातील वृत्तपत्रांतून दरवर्षी एका विशिष्ट प्रकारच्या बातम्या येऊ लागतात. अमुक तलावावर अमुक पक्षी प्रथमच आढळला, तमुक जिल्ह्यात कित्येक वर्षांनी त्याचे दर्शन घडले, असा त्यांचा साधारण मजकूर असतो. या दिवसांत असे होणे स्वाभाविकच आहे. हिवाळी पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात. पळसावर उतरलेले भोरड्यांचे थवे मध्य आशियाकडे निघण्याच्या तयारीत असतात आणि वाट चुकलेला एखादा अनोळखी पक्षी एखाद्या पाणथळीवर दोन दिवस विसावतो. पानगळीने झाडे उघडी पडलेली असतात, आणि विणीच्या ओढीने स्थानिक पक्षी शीळ घालून आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत असतात. ते टिपणारे असतात शिक्षक, बँकेतील कर्मचारी, डॉक्टर, महाविद्यालयीन विद्यार्थी. या कामाचा त्यांना मोबदला मिळत नाही. पहाटे उठून, पदरचे पैसे खर्चून ते हा उद्योग करतात. वाचक चार ओळी कौतुकाने वाचतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो.

या कौतुकात मूळ प्रश्न मात्र झाकला जातो. अशा नोंदींचा समाजाला काही उपयोग आहे काय? आणि असेल, तर त्या जतन करण्याची, पडताळण्याची व निर्णयप्रक्रियेत वापरण्याची काही व्यवस्था आपण उभी केली आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दुसऱ्याचे तितके समाधानकारक नाही.

खोट्या नोंदीची किंमत

दुर्मिळ पक्ष्याच्या एका नोंदीवर किती गोष्टी अवलंबून असतात, याचे बोलके उदाहरण खानदेशातच घडले आहे. रानपिंगळा हा मध्य भारतातील पानझडी जंगलांत राहणारा छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८८४ नंतर त्याच्या अस्तित्वाचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे आपण तो मिळवल्याचा दावा केला होता आणि तसा नमुनाही संग्रहालयात होता. पुढे पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा वेगळेच सत्य बाहेर आले. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला तो नमुना होता. माइनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून लांबवून त्यावर खोटे स्थळ आणि खोटी तारीख चिकटवली होती.

ही लबाडी केवळ विद्वानांच्या वादापुरती राहिली नाही. तिच्यामुळे आधीच्या शोधांची दिशा चुकली. १९७० च्या दशकात सलीम अली आणि डिलन रिपली यांच्यासारख्या दिग्गजांनी घेतलेला शोधही व्यर्थ गेला. अखेर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी खोट्या नोंदीचे गाव वगळून जुन्या अस्सल नोंदींची स्थळे धुंडाळली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे २०१४ मध्ये स्थानिक निरीक्षकांना तो तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, तानसा अभयारण्यातही आढळला. मुंबईला ज्या तलावाचे पाणी मिळते, त्याच्याच भोवतीचे हे जंगल. अशा नव्या ठिकाणांची माहिती जमत गेल्यानेच २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत या पक्ष्याची अवस्था 'अतिसंकटग्रस्त' ऐवजी 'संकटग्रस्त' अशी ठरली. एका प्रामाणिक अधिकाऱ्याने लिहून ठेवलेले स्थळ शतकानंतर उपयोगी पडले, तर एका अप्रामाणिक अधिकाऱ्याच्या चिठ्ठीने पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम वाया घालवले. हिशेबाच्या वहीतील एका खोट्या कलमाने सारा ताळेबंद बिघडावा, तसाच हा प्रकार आहे.

विपुलतेचा भ्रम

तथापि केवळ दुर्मिळाच्या मागे लागण्यातही धोका आहे. यंदा पूर्वीपेक्षा अधिक जाती दिसल्या, यावरून पक्षी वाढले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कदाचित पाहणारे डोळे आणि छायाचित्रे टिपणारे कॅमेरेच वाढले असतील. कोण, कोठे, किती वेळ फिरले, आणि तेवढ्या वेळात दुर्मिळ-साधे मिळून कोणकोणते पक्षी दिसले, ही पूर्ण यादी असल्याखेरीज वाढ-घट सांगता येत नाही. साधे पक्षी मोजण्याचे काम कंटाळवाणे असते, त्याची बातमी होत नाही. पण खरा आधार त्याचाच असतो.

गिधाडांची कथा याची साक्ष देते. १९८० च्या दशकात भारतात गिधाडे इतकी विपुल होती की ती मोजावीत असे फारसे कोणास वाटले नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांकडे त्या काळातील नोंदी होत्या. म्हणूनच १९९० च्या दशकात विभू प्रकाश यांना तेथील भयावह घसरण आकड्यांनिशी सिद्ध करता आली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली, असे पुढील पाहण्यांत दिसून आले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध याचे कारण असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

या विलंबाची किंमत कोणी मोजली? एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मेलेली जनावरे फस्त करणारी गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलरचे नुकसान झाले, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाज म्हणून त्यात कमी-अधिक होऊ शकेल. पण त्याचा रोख नाकारता येणार नाही. पक्षी नाहीसे होतात तेव्हा ते केवळ पक्षीप्रेमींचे दुःख नसते. गावाबाहेरच्या ढोरफोडीवर कुत्र्यांची संख्या वाढते, पाणी दूषित होते, आणि त्याचा भार बहुधा गरिबांच्या माथी येतो.

आज परिस्थिती काहीशी सुधारली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालासाठी ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरण्यात आल्या. २०२० च्या पहिल्या अहवालात निरीक्षकांची संख्या याच्या निम्मी होती. एवढ्या सामग्रीचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु विचारात घेतलेल्या ९४२ जातींपैकी दीर्घकालीन कल सांगता आला तो फक्त ३३८ जातींचा, आणि त्यांतील २०४ जाती घटत असल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश जातींबाबत आपल्याकडे पुरेशा जुन्या नोंदीच नाहीत. आज न केलेली नोंद उद्या कितीही पैसा ओतून करता येत नाही, हे या तुटीचे खरे मर्म आहे.

कागदावरच्या नोंदवह्या

असे असता निर्णय घेणारे या सामग्रीकडे कसे पाहतात? २००६ च्या अधिसूचनेखाली होणाऱ्या पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासांत अनेक प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एकाच ऋतूची, म्हणजे साधारण तीन महिन्यांची, माहिती पुरेशी मानली गेली. चैत्र-वैशाखात पाहणी करणाऱ्याला हिवाळी पाहुणे दिसणार नाहीत, आणि मार्गशीर्षात येणाऱ्याला उन्हाळ्यातील वीण दिसणार नाही. त्याच पाणथळीवर वीस वर्षे जाणाऱ्या स्थानिक निरीक्षकाची वही मात्र त्या अहवालाच्या वाऱ्यालाही उभी केली जात नाही. उलट संख्येला कायद्याच्या दरबारी किती मोल येते, हे रामसर करारातून दिसते. पाणथळीवर नियमितपणे २० हजार वा अधिक पाणपक्षी येणे हा त्या यादीत समावेशाचा एक निकष आहे. गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेल्या नांदूर मधमेश्वरला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. कोणी मोजलेच नसते, तर अशा स्थळांची बाजू मांडायची कशाच्या आधारावर?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांत समित्या आणि लोक-जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा आग्रहाने पुरस्कार केला होता. परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मुदत घालून दिल्यावर देशभर घाईघाईने वह्या भरण्याचीच धांदल उडाली. एकदा भरून कपाटात ठेवलेली यादी म्हणजे नोंद नव्हे. नोंद दरवर्षी, त्याच जागी, त्याच रीतीने व्हावी लागते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. हा शहरी, सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असा पहिला. त्यात तथ्य आहे. नोंदी शहरांभोवती दाट आणि मराठवाडा-विदर्भाच्या खेड्यांत विरळ असतात. शिवाय त्या मुख्यतः इंग्रजीत आणि परदेशी विद्यापीठाच्या संगणकीय व्यवस्थेवर साठतात. पण याचे उत्तर नोंदी थांबवणे हे नसून मेंढपाळ, मच्छीमार आणि आदिवासी यांचे ज्ञान त्यांत आणणे हे आहे. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'ने मराठी नावांचे भांडार खुले करून तो मार्ग दाखवून दिला आहे. केरळने तर २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांकडून साऱ्या राज्याचा पक्षिनकाशा तयार करून घेतला. महाराष्ट्राला हे अशक्य का असावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुर्मिळ पक्ष्याचे ठिकाण जाहीर होताच छायाचित्रकारांची रीघ लागते, ध्वनिमुद्रित शीळ वाजवून विणीतील पक्ष्याला छळले जाते. म्हणून नोंद तात्काळ व्हावी, पण घरट्याचे स्थळ गुप्त राहावे, असा शिस्तीचा दंडक निरीक्षकांनी आणि वृत्तपत्रांनीही पाळला पाहिजे.

शासनाकडून फार मोठ्या खर्चाची अपेक्षा नाही. प्रत्येक जिल्ह्यात एका महाविद्यालयाकडे नोंदी जमवण्याची आणि दुर्मिळ दर्शने पडताळण्याची जबाबदारी सोपवावी. त्यासाठी अल्प पण कायम अनुदान द्यावे. ग्रामपंचायतीची नोंदवही दरवर्षी अद्ययावत व्हावी. आणि प्रकल्पाच्या अहवालात सर्व ऋतूंच्या स्थानिक नोंदी विचारात घेणे बंधनकारक करावे. एखाद्या गावच्या शिक्षकाने चैत्रातील एका पहाटे वहीत उतरवलेल्या चार ओळी ही सार्वजनिक संपत्ती आहे. ती निर्माण करण्याचा खर्च तो शिक्षक सोसतो आहे. ती सांभाळण्याचा खर्च तरी समाजाने उचलावा, एवढीच अपेक्षा रास्त ठरेल.