पुण्यांतील वाडे कोणीं राखावे ?

पेशवाईची साक्ष देणारे पुण्यांतील वाडे एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत आणि प्रत्येक वाडा पडल्यावर चार दिवस हळहळ व्यक्त होते, ही गोष्ट आतां इतकी नित्याची झाली आहे कीं, त्या हळहळीचेंही कोणास कांहीं वाटेनासें झालें आहे. आमच्या मतें हळहळ पुरे झाली. वाडे कां पडतात याचा विचार झाला पाहिजे, आणि त्यासाठीं जो वाडा पडला नाहीं त्याची हकीकत आधीं ध्यानांत घेतली पाहिजे.

विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास दोन लक्ष रुपये खर्चून बांधविला. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांवरील केळफुलांची नक्षी आणि रस्त्यावर झुकलेली मेघडंबरी हीं आजही पाहणाराची मान वर करावयास लावतात. शनिवारवाड्यांत बसून पूर्वजांनीं राज्य वाढविलें व येथें वंशजानें विश्राम घेतला. पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. या बाजीरावाच्या ऐषआरामाचें स्मारक म्हणून हा वाडा राखावा असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु वाड्याचा इतिहास धन्याबरोबर संपला नाहीं. १८२१ सालीं इंग्रज सरकारनें दक्षिणा फंडाच्या पैशांतून येथें संस्कृत पाठशाळा उघडली. ती आरंभीं ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती, हेंही येथें सांगितलें पाहिजे. इतिहास राखावयाचा तर तो सोयीपुरता राखतां येत नाहीं. १८५१ सालीं हीच पाठशाळा इंग्रजी शाळेशीं एकवटून पूना कॉलेज झालें, आणि त्यांतूनच पुढें डेक्कन कॉलेज निघालें. १८७९ च्या मे महिन्यांत एकाच रात्रीं बुधवारवाडा व विश्रामबाग या दोहोंस आगी लागल्या. बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागेचा जळालेला भाग मात्र पुन्हा उभारण्यांत आला. विसाव्या शतकांत तो नगरपालिकेच्या मालकीचा झाला व बरींच वर्षें शहराचा कारभार तेथूनच चालला. धनी गेला तरी वाड्यास काम राहिलें, आणि काम होतें म्हणून डागडुजीस पैसा निघाला, एवढाच या हकीकतीचा अर्थ आम्ही घेतों.

आतां पेठांतील खासगी वाड्यांकडे पाहा. पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, तेव्हां नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे कितीएक वाडे बसले. तो दैवाचा घाला म्हणूं. परंतु जे त्या पुरांतून वांचले त्यांस दैवानें नव्हे, कायद्यानें पाडलें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें १९४० च्या पातळीवर बांधून टाकलें. युद्धकालांत व फाळणीच्या वर्षीं गरीब बिऱ्हाडकरूस रस्त्यावर येऊं न देणें हें सरकारचें कर्तव्यच होतें, आणि त्या हेतूस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण तात्पुरता उपाय पन्नास वर्षें चालला. १९९९ च्या कायद्यानें सालीना शेंकडा चार टक्के वाढ दिली खरी. परंतु मूळ भाडें दहावीस रुपये असेल तर त्यावरील चार टक्क्यांत कौलें शाकारून होतील काय? याच कायद्यान्वयें महानगरपालिकेनें इमारत तांतडीनें पाडण्याचा हुकूम दिल्यास मालकास ताबा मागतां येतो. म्हणजे वाडा दुरुस्त केला तर मालकाच्या पदरांत कांहीं पडत नाहीं, व वाडा मोडकळीस आला तर जागा मोकळी होण्याची आशा उत्पन्न होते. भाडेकरूही दुसऱ्याच्या तुळईवर स्वतःचे पैसे कशाला घालील ? भाऊबंदांत वाटण्या होऊन सातबारांच्या सह्यांवांचून एक खुंटीही बदलतां येत नाहीं, तो त्रास निराळाच. अशा स्थितींत मालकास लोभी व भाडेकरूस अडेल म्हणणें सोपें आहे. पण दोघेही कायद्यानें दाखविलेल्या वाटेनेंच चालले आहेत.

सार्वजनिक कळवळा असला म्हणजे वाडा वांचतो असेंही नाहीं. विश्रामबागेपासून थोड्याच अंतरावर भिडे वाडा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं त्यांत मुलींची शाळा काढली. एवढ्या मोलाच्या वास्तूचा वाद वर्षानुवर्षें न्यायालयांत रेंगाळला. सर्वोच्च न्यायालयांत २०२३ सालीं निकाल झाला तोंपर्यंत वाड्यांत राखण्याजोगें फारसें उरलें नव्हतें, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत तो पाडण्यांत आला. त्या जागीं नवें स्मारक बांधावयाचें ठरलें, तें अवश्य बांधावें. परंतु ज्या भिंतींआड त्या पहिल्या मुलींनीं अक्षरें गिरविलीं, त्या भिंती कोणत्याही अंदाजपत्रकांतून परत येणार नाहींत.

आमचें मागणें असें. यादींत नांव घालून मालकाचे हात बांधावयाचे आणि छपरासाठीं एक कवडीही द्यावयाची नाहीं, हा प्रकार बंद व्हावा. जेवढ्या बांधकामास मालक मुकतो तेवढा हक्क त्यास दुसरीकडे वापरूं द्यावा किंवा विकूं द्यावा. विकासहक्काच्या हस्तांतरणाची ही तोड कायद्यास नवी नाहीं, ती वेळेवर व कचेरीचे खेटे न घालावे लागतां मिळाली पाहिजे. जो मालक वाडा नीट राखील त्याची घरपट्टी माफ करावी. भाडेकरूस त्याच वाड्यांत किंवा जवळपास पक्की जागा दिल्यावांचून हलवूं नये. आणि पालिकेकडे आलेल्या वाड्यांत कुलूप व जळमटें न ठेवतां वाचनालय, शाळा, कारागिरांचीं दुकानें, कांहीं तरी चालू राहावें.

लक्ष्मी रस्त्यावरील व्यापारी मंडळींसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. मोडलेल्या वाड्यांचे कोरीव खांब जुन्या बाजारांत विकले जाऊन हॉटेलांच्या व बंगल्यांच्या दिवाणखान्यांत शोभेस उभे राहतात. जो खांब दोनशें वर्षें माडी तोलून राहिला, तो तेथें कुंडीशेजारीं उभा असतो. असा खांब विकत घेण्यापूर्वीं तो कोठून आला एवढें तरी विचारावें. आणि ज्यांच्या पाट्या व कापडी फलक या जुन्या दर्शनी भागांवर टांगलेले आहेत, त्यांनीं ते येत्या गणेशोत्सवापूर्वीं स्वतःहून उतरवावे; त्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.