पूर येतो तेव्हा पेटी कुठे असते?

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की गडचिरोलीतल्या भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. अशा वेळी घरात कुणी तापाने फणफणलं, तर बँकेतल्या खात्याचा काय उपयोग? ऑगस्ट २०१४मध्ये जनधन योजना सुरू झाल्यावर घरोघर पासबुकं आली. पण दुर्गम पाड्यावरच्या बाईला स्वतःचेच पैसे काढायला गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी घालवावी लागते.

बचत गटाची पेटी मात्र पाड्यातच असते. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही गटाची पंचसूत्री. तारण मागायची गरज नसते; कुणाचा शब्द पक्का, हे शेजारणींना ठाऊक असतं. १९९२मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडायचं ठरवलं, ते याच विश्वासाच्या भरवशावर.

बायांना व्यवहार कळत नाही, असं अजूनही कुणाला वाटत असेल तर त्याने सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडकडे पाहावं. तिथल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या बायांना घेऊन चेतना गाला सिन्हा यांनी बँकेसाठी अर्ज केला. प्रवर्तक निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बाया अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला उभ्या राहिल्या. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आज पाड्यापर्यंत बँक नेते ती बँक सखी. मशीनवर अंगठा घेऊन ती पैसे देते. पण राबून झिजलेला अंगठा उमटत नाही, रेंज जाते, रोकड संपते. तिची कमाई व्यवहारामागच्या कमिशनवर. मोजक्या घरांच्या पाड्यात व्यवहार होणार किती? परवडेना म्हणून तिने काम सोडलं, की पाड्याची बँक बंद.

म्हणून मागणी साधी आहे. दुर्गम भागातल्या सखीला कमिशनव्यतिरिक्त ठरावीक मासिक मानधन द्या. पावसाळ्याआधी तिच्याकडे पुरेशी रोकड पोहोचवा. अंगठा उमटला नाही तरी पैसे मिळतील, अशी सोय ठेवा. आणि सभासद बाई स्वतःसाठी कर्ज मागायला आली, तर गटाच्या वहीतली तिची परतफेड हीच तिची पत माना.

पूर दरवर्षी येणार. पूल बुडाला तरी नदीच्या पल्याडच्या बाईला आपले पैसे त्याच दिवशी मिळाले, तरच बँक गावात पोहोचली म्हणायचं.