डेटा सेंटर पनवेलचे, हात कोणाचे?

जुलै २०२० मध्ये पनवेलला ‘योट्टा’चे अवाढव्य डेटा सेंटर सुरू झाले. देशाची माहिती देशाच्याच भूमीवर राहावी, या दृष्टीने त्याचे स्वागतच आहे. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने अशा केंद्रांना सवलतीही दिल्या. यंत्रांची सोय झाली; ती चालविणाऱ्या माणसांचे काय?

अहोरात्र पाळ्यांमध्ये वीजपुरवठा, जनरेटर आणि शीतकरण सांभाळणारे तंत्रज्ञ हा या केंद्रांचा कणा. वीजतंत्री आणि वातानुकूलन हे अभ्यासक्रम आयटीआयमध्ये आहेत. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. मग ‘कुशल मनुष्यबळ मिळत नाही’ ही ओरड कशासाठी? प्रशिक्षणाचा खर्च नको, अनुभवी माणूस मात्र कंत्राटी वेतनावर हवा! तोच उद्या चार पैशांसाठी शेजारच्या केंद्रात गेला, तर दोष त्याच्या निष्ठेला का द्यावा?

नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या उरण-पनवेल परिसरातील पाच शेतकरी जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबाराला बळी पडले. त्या पिढीच्या नातवंडांच्या वाट्याला केवळ फाटकावरची राखणदारी येणार असेल, तर तो विकास उपराच ठरेल. सवलत हवी असेल, तर स्थानिक तरुणांना प्रशिक्षण आणि कायम नोकरी, ही अट शासनाने घातलीच पाहिजे.