आधी नकाशा, मग मोटार

सध्या पोस्टिंग मेरठ छावणीत आहे. आमची मोटार रविवार सोडला तर जागची हलत नाही. ऑफिस सायकलने दहा मिनिटांवर. मुलीची शाळा, कॅन्टीन, एमआय रूम, मैदान, सगळं त्याच टप्प्यात. यात माझ्या पर्यावरणप्रेमाचं श्रेय शून्य. छावणी आखणाऱ्यांनी राहणं आणि काम जवळजवळ ठेवलं, एवढंच. एनडीएत तीन वर्षं स्क्वॉडमध्ये सायकल हाकली, तीही आवड म्हणून नव्हे, हुकूम म्हणून!

आता पुण्यातला माझा एक कोर्समेट घ्या. फौज सोडून आयटीत गेला. नोकरी हिंजवडीत, घर हडपसरच्या पलीकडे. रोजचे तीन तास मोटारीत. त्याची गाडी बीएस-६ आहे, पीयूसी चोख आहे. पण पुण्याच्या हवेला त्याचा फायदा किती? १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि दर किलोमीटरमागचा विषारी धूर घटला, हे खरंच. मात्र किलोमीटर वाढत गेले आणि गाड्याही वाढत गेल्या, तर ती कमाई रस्त्यातच संपते.

फौजेत युनिट कुठे वसवायचं हे ठरवताना रस्ता, पाणी आणि रसद आधी पाहतात. पुण्यात उलटं झालं. हिंजवडीत आधी कंपन्या आल्या, मग इमारती, आणि मेट्रो सगळ्यांत शेवटी. संपूर्ण महानगर प्रदेशाचा एकत्र विचार करणारं पीएमआरडीए २०१५ साली स्थापन झालं, तोवर आयटी पार्क भरून वाहत होतं.

मेरठकडे पाहिलं तर थोडी आशा वाटते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचं नियोजन मंडळ १९८५ च्या कायद्याने आलं. त्याने राज्यांच्या सीमा ओलांडून विचार केला, म्हणूनच दिल्ली–मेरठ हा ८२ किलोमीटरचा नमो भारत मार्ग कागदावर आला. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. पण नुसत्या वेगवान गाडीने भागणार नाही. स्टेशनपासून चार किलोमीटरवर वसाहत उभी राहिली, तर माणूस स्टेशनपर्यंत मोटारच काढणार. आणि इंजिन थंड असताना धूर शुद्ध करणारं यंत्र नीट काम करत नाही, म्हणून अशा छोट्या फेऱ्या अंतराच्या मानाने जास्त घाण करतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. घरं, कामाच्या जागा आणि बस-रेल्वे यांचा नकाशा एकच असावा, आणि तो एकाच टेबलावर ठरावा. जिथे सार्वजनिक वाहन पोहोचत नाही, तिथे मोठ्या वसाहतीला परवानगीच नको.

आपण फौजीही यात निर्दोष नाही. निवृत्ती जवळ आली की स्वस्त प्लॉट शोधत आपण शहरापासून तीस किलोमीटर लांब जातो. मागच्या सुट्टीत मीही असाच एक प्लॉट पाहायला गेलो होतो. मोकळी हवा, समोर डोंगर, भाव परवडणारा. बायकोने एवढंच विचारलं, "सत्तरीत गाडी चालवता आली नाही, तर इथून दवाखान्यात जायचं कसं?"

टोकन दिलं नाही. आता बसस्टॉपजवळचा छोटा फ्लॅट शोधतोय. डोंगर दिसणार नाही, हे मान्य आहे.