कपडेपटाची निगा

दर वर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, नाट्यगृहांतून नटराजाचे पूजन होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्याचे स्मरण करून नाटककार, नट, गायक आणि दिग्दर्शक यांचा गौरव केला जातो. ते उचितच आहे. परंतु त्याच नाट्यगृहाच्या रंगपटात भिंतीला लावून ठेवलेल्या ट्रंकांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शालू, शेले, अंगरखे, पगड्या, टोप, दाढ्या-मिशा, मुकुट आणि दागिने त्यांत भरलेले असतात. राजाला राजेपण आणि देवाला देवपण देणारे हे साहित्य पडदा पडल्यावर ज्या घाईने कोंबले जाते, ती पाहिली म्हणजे समाजाच्या नाट्यप्रेमाची मर्यादाही ध्यानात येते.

संगीत नाटकाच्या वैभवकाळी ‘कपडेपट’ हा नाटक मंडळीचा एक मानाचा विभाग होता. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांचे भरजरी शालू आणि दागिने हा प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय असे. त्यांच्या नऊवारी नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत. या वैभवाच्या आठवणी पुढे पुष्कळांनी लिहिल्या. मात्र प्रत्येक प्रयोगानंतर ते वैभव झटकून, वाळवून, घडी घालून ठेवणाऱ्या हातांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत. कोकणातील दशावतारी कलावंतांनी मात्र हे भान वेगळ्या रीतीने जपले. त्यांच्या साहित्याच्या पेटाऱ्याला पूजेचा मान आहे. ज्या वस्तूची पूजा करायची, ती अस्वच्छ ठेवायची नाही, हा साधा संस्कार त्यामागे आहे.

पूजेइतकेच शास्त्रही आवश्यक आहे. नाटकाच्या वस्त्राचा पहिला शत्रू म्हणजे घाम. प्रखर दिव्यांखाली तीन तास वावरलेल्या नटाचा घाम रेशमाला दुर्बल करतो आणि रंग उतरवतो. असे ओलसर वस्त्र तसेच ट्रंकेत गेले की बुरशी धरते. म्हणून प्रयोग संपताच ते उलटे करून सावलीत, वाऱ्यावर वाळवणे हा पहिला नियम. आतून सुती अस्तर किंवा बंडी वापरली आणि बगलेत काढता येण्याजोग्या सुती गाद्या टाचल्या, तर रोज धुवायचे ते अस्तर. शालू किंवा अंगरखा नव्हे. सोड्याच्या तीव्र साबणाने रेशमाचा धागा कमकुवत होतो. पक्क्या रंगाच्या रेशमाला रिठ्याचे सौम्य पाणी पुरते.

जरीची गोष्ट आणखी नाजूक आहे. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. हवेतील गंधकाने ती काळवंडते. ती उजळावी म्हणून चिंच किंवा लिंबू चोळले की मुलामाच निघून जातो. अत्तर थेट जरीवर शिंपडणे, डांबरगोळ्या घडीत उघड्या टाकणे, रबराने गठ्ठा बांधणे, जरीवर सरळ इस्त्री फिरवणे या रोजच्या चुका आहेत. धुतलेल्या मांजरपाटात किंवा मलमलीत गुंडाळून, दोन-तीन महिन्यांनी घडी बदलून ठेवलेले वस्त्र दीर्घकाळ टिकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र दमटपणा कोंडला जातो. कपड्याला खळ देऊन तो वर्षभर बांधून ठेवणे म्हणजे किडीला मेजवानीच.

टोपांची हेळसांड तर सर्वाधिक होते. डिंकाने चिकटवलेली दाढी किंवा टोपाची जाळी ओढून काढली की ती फाटते. स्पिरिटच्या बोळ्याने डिंक सैल करून ती अलगद सोडवावी आणि जाळीवर राहिलेला डिंकही तेव्हाच पुसून घ्यावा. टोप लाकडी साच्यावर चढवून ठेवावा, फणी टोकाकडून मुळाकडे सरकत फिरवावी. खऱ्या केसांचा टोप सौम्य शाम्पूने धुऊन साच्यावरच सावलीत वाळवावा. कृत्रिम केसांना कढत पाणी चालत नाही. एकच टोप अनेकांच्या डोक्यावर जात असेल, तर प्रत्येकाची सुती टोपी वेगळी असणे हा आरोग्याचा प्रश्न आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी भाड्याने आणलेला टोप मुलाच्या डोक्यावर ठेवताना पालकांनी एवढे तरी विचारले पाहिजे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वापरातील वस्त्राला स्वच्छता हवी. वारसा झालेल्या वस्त्राला संयम हवा. शंभर वर्षांपूर्वीच्या अंगरख्याच्या गळ्याशी लागलेला रंगभूषेचा डाग ही केवळ मळ नव्हे, ती इतिहासाची नोंद आहे. कोणत्या नटाने तो वापरला, कोठे उसवला, कोणी कसा रफू केला, हे त्या वस्त्रावरच लिहिलेले असते. स्मारकासाठी द्यायचे म्हणून असे वस्त्र भट्टीला घालून, कडक इस्त्री करून आणणे म्हणजे पोथी स्वच्छ करण्यासाठी तिची अक्षरे पुसण्यासारखे आहे. ते धुण्याचा निर्णय तज्ज्ञाचाच असावा. संग्रहालयशास्त्रात नाजूक वस्त्रांवर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत. प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही, हे त्याचे कारण. काचेच्या कपाटात दिव्याखाली वर्षानुवर्षे टांगलेला शालू सन्मानित दिसतो, प्रत्यक्षात तो रोज थोडा थोडा नष्ट होत असतो.

८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. १९१५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू जळताना पाहून सारा महाराष्ट्र हळहळला. वास्तूचा विनाश डोळ्यांना दिसतो, म्हणून समाज जागा होतो. ट्रंकेतील रेशीम मात्र आवाज न करता विरते, टोपाला निमूटपणे कसर लागते. त्या विनाशाचा शोक कोणी करीत नाही, कारण तो घडल्याचे कोणाला कळतच नाही.

हौशी संस्थांना तालमीच्या जागेचे भाडे जड जाते, तेथे कपडेपटाची निगा कशी परवडावी, असा प्रश्न विचारला जाईल. तो खोटा नाही. परंतु मांजरपाट, सुती अस्तर, स्पिरिटची बाटली आणि एक नोंदवही यांचा खर्च एका फलकाच्या छपाईहून फार नसतो. उणीव पैशापेक्षा शिस्तीची आहे. नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांच्याप्रमाणे निगेसाठीही अंदाजपत्रकात एक स्वतंत्र ओळ असावी आणि तिची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर असावी. १९०५ पासून कार्यरत असलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेने शाखाशाखांतून याचे प्रशिक्षण योजावे. लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशालेसारख्या संस्थांच्या तज्ज्ञतेचा लाभ जुन्या संग्रहांना मिळावा. जुन्या वेशभूषाकारांकडे असलेले अनुभवाचे ज्ञानही त्यांच्या हयातीतच लिहून घेतले पाहिजे.

कुटुंबांनाही यात वाटा आहे. आजीचा शालू नाटकासाठी उत्साहाने दिला जातो आणि डागाळून परत आला की तो कायमचा कपाटात जातो. देताना त्याची नोंद व्हावी, परत घेताना तपासणी व्हावी, एवढी रीत घातली तर देणाऱ्याचा विश्वास टिकेल आणि घेणाऱ्याला जबाबदारीची जाणीव राहील.

नट रंगमंचावर येतो तेव्हा टाळ्या त्याला मिळतात. त्याच्या मस्तकावरील टोप ज्याने आदल्या रात्री विंचरून साच्यावर ठेवला, तो पडद्यामागे उभा असतो. पुढील रंगभूमी दिनी नटराजाला वाहिलेल्या फुलांपैकी एक फूल त्या ट्रंकेवरही ठेवले जावे. आणि त्याआधी ती ट्रंक उघडून आतील वस्त्रांना वारा दिला जावा. पूजेचा खरा आरंभ तेथूनच आहे.