मनाई नेमकी कशाला?
बेंगळुरूच्या शिवाजीनगरातील सेंट मेरी बॅसिलिकात 8 सप्टेंबरला साडी नेसवलेल्या मरियेच्या मूर्तीची रथयात्रा निघते. ही मूर्तिपूजाच, असा आक्षेप अनेक प्रॉटेस्टंट दहा आज्ञांच्या आधारे घेतात. पण ज्या निर्गम ग्रंथात कोरीव मूर्तीला मनाई आहे, त्यातच कराराच्या कोशावर सोन्याचे करूब, म्हणजे पंखधारी देवदूत, घडवण्याचीही आज्ञा आहे. म्हणजे मनाई घडवण्याला नाही, घडवलेल्याला देव मानण्याला आहे. 787 च्या निकाया परिषदेनेही प्रतिमेला आदर आणि आराधना फक्त देवाला, असा भेद केला. व्यवहारात हा भेद पुसट होतो, हे मात्र खरे. मोशेने घडवलेल्या पितळी सापापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला. पण त्याच राजाने पुढे करूबांवर विराजमान असलेल्या देवाचा धावा केला. म्हणून मूर्ती राहाव्यात; नवसाच्या रांगेतल्या भाविकाला हा भेद समजावणे धर्मगुरूंनी टाळू नये.